पाचवी सही

येमूल मॅडम वर्गात आल्या की फळ्याकडे जात नसत. दारातून शिरल्या की थेट शेवटच्या बाकाकडे जायच्या, पर्स मांडीवर घेऊन बसायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता दाखवा."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. अकलूजहून इथं येऊन पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमचं विद्यापीठ खाजगी, एका शिक्षणसंस्थेनं चालवलेलं. मोठं आवार सोलापूरच्या बाहेर, आणि संस्था जिथं सुरू झाली ती जुनी इमारत गावात, पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांमध्ये. माझ्या वर्गातल्या प्रोजेक्टरवर काही दिसत नाही, नवा मिळावा, असा अर्ज मी लेखा विभागाकडे दिला होता. फार तर एखादं पत्र येईल असं वाटलं होतं. आल्या त्या स्वतः अधीक्षक. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, रबरी चपला आणि जाड भिंगांचा चष्मा. वेळ दुपारी तीनची.

मी प्रोजेक्टर लावला. मॅडम मागून बघत राहिल्या.

"काय आहे ते?"

"आलेख आहे मॅडम. वेग आणि काळ."

"मला नुसती पांढरी भिंत दिसतेय." त्या उठल्या, पश्चिमेच्या खिडकीशी गेल्या, बाहेरच्या उन्हाकडे बघून डोळे बारीक केले. "तुमच्या प्रोजेक्टरला काही झालेलं नाही ओ. हे ऊन येतंय ना आत, त्याला आवरायला पाहिजे."

आठवड्याच्या आत माझ्या वर्गाच्या खिडक्यांना सोलापुरी चादरी लागल्या. विणताना चूक राहून गेलेल्या, म्हणून कारखान्यानं बाजूला काढलेल्या, स्वस्तात मिळालेल्या. एकीवर मोर होता, पण त्याचं डोकं विणायचं राहिलं होतं. पोरं त्या खोलीला 'मोराचा वर्ग' म्हणायला लागली. चादरी ओढल्या की वर्गात छान अंधार व्हायचा आणि जुन्याच प्रोजेक्टरवर आलेख लख्ख दिसायचा. माझा अर्ज परत आला. त्यावर गोल, शाळकरी अक्षरात शेरा होता : "प्रोजेक्टरची गरज नाही. पडद्याची होती. लावला. – क. येमूल."

कमला येमूल. मोठे साहेब लोक 'येमूलबाई' म्हणत, आम्ही मास्तर 'मॅडम', आणि शिपाई, माळी, झाडणाऱ्या बायका 'अक्का'. कागदोपत्री त्या लेखा विभागाच्या अधीक्षक होत्या. म्हणजे विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाचा मसुदा त्या करायच्या. पण वर्षानुवर्षांत त्यांच्याकडे बाकीचीही कामं साचत गेली होती. कुठल्या वर्गात कुठलं यंत्र, कुठली खोली कुठल्या विभागाला, कुठल्या प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे, सगळं त्यांना विचारावं लागे. सकाळी साडेसातला, पहिला तास सुरू व्हायच्या आधी, त्या इमारतीभर फिरायच्या. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला टेस्टर असायचा. वर्गात शिरायचं, प्रत्येक प्लगच्या भोकात टेस्टर घालून त्याचा दिवा लागतो का बघायचं, पंखा चालू करून बंद करायचा, आणि वहीत खूण करायची. वीजवाल्याला निरोप जायच्या ऐवजी वहीतलं पानच जायचं. तो बिचारा त्यांना बघून रस्ता बदलायचा.

त्यांचं घर तेलुगू. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. मराठी त्यांची आमच्यापेक्षा स्वच्छ होती, पण नकार मात्र तेलुगूतून यायचा. "वद्दु." म्हणजे नको, नाही, बंद. हा शब्द इतका फिरला होता की तेलुगूचा गंध नसलेले प्राध्यापकही म्हणत, "अहो, माझ्या सहलीच्या खर्चाला मॅडमनी वद्दु केलं."

शेवटच्या बाकाचं कारण त्यांनी एकदा सहज सांगितलं, चहा पिता पिता. नववीपर्यंत त्यांना आपले डोळे अधू आहेत हेच माहीत नव्हतं. उंचीनं बुटक्या, तरी बाईंनी मागं बसवलेलं, कारण पुढचे बाक भरलेले. "मला वाटायचं, फळा पुढच्या मुलींचाच असतो. मागच्यांनी नुसतं ऐकायचं. मी कधी विचारलंच नाही कुणाला. मग डोळे तपासायला शाळेत डॉक्टर आले, चष्मा लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात बसले आणि बघते तर काय, फळ्यावर रोज तारीख लिहितात!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत सांडला. मला हसता आलं नाही.

मोठ्या लोकांशी त्यांचं भांडण कधी आवाज चढवून होत नसे. कागदावर होई. एकदा सभागृहाच्या व्यासपीठासाठी कोरीव लाकडी खुर्च्या घ्यायच्या ठरल्या. रक्कम 'अध्यापन साधने' या सदरातून काढायची होती, कारण त्याच सदरात पैसे शिल्लक होते. फाईल मॅडमकडे आली. त्यांनी शेरा लिहिला : "या खुर्च्यांमुळे शिकवणे सुधारेल असे मला वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी खाली तसे लिहून सही करावी." आणि खाली सात रेघा आखून ठेवल्या. फाईल महिनाभर फिरली. सात रेघा कोऱ्याच परत आल्या. खुर्च्या झाल्या नाहीत. त्या पैशांतून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत धूर बाहेर ओढणारे पंखे बसले. मुलींचे डोळे तिथं चुरचुरायचे, ते थांबलं.

अशा बाईंना कुणी किती दिवस सहन करणार? पण त्यांच्याशिवाय चालतही नव्हतं. दर वर्षी अंदाजपत्रक वेळेवर व्हायचं, एकही आकडा चुकायचा नाही. म्हणून चालून जात होतं. मग डिजिटल बोर्ड आले.

संस्थेच्या सचिवसाहेबांच्या मनात आलं की आपले सगळे मोठे वर्ग आधुनिक दिसले पाहिजेत. बाहेरून मूल्यांकन करणारी समिती यायची होती. पुरवठादार साहेबांच्या ओळखीचा होता. चोवीस वर्गांत चोवीस चकचकीत बोर्ड लागले. बोटानं लिहा, बोटानं पुसा. त्यासाठी अंदाजपत्रकात जी काटछाट झाली, त्यात एक सदर पूर्ण उडालं. जुन्या इमारतीतल्या अभ्यासिकेचं. दिवे, टेबलं आणि दहा संगणक, एवढंच त्यात होतं. मॅडम ते तीन वर्षं मागत होत्या आणि त्या वर्षी कुठं मंजूर झालं होतं.

ती अभ्यासिका म्हणजे काय, हे पूर्व भागात राहिल्याशिवाय कळत नाही. एका खोलीचं घर, त्यात आई आणि आजी विड्या वळत बसलेल्या, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. पोरीनं पुस्तक उघडायचं कुठं? अभ्यासिकेसाठी ठरलेल्या खोलीच्या भिंती निदान जाड होत्या.

बोर्ड बसले आणि पाच जणांची तपासणी समिती नेमली गेली. सगळीच मोठी माणसं नकोत म्हणून की काय, त्यात तीन मोठी, एक मी आणि पाचव्या मॅडम. प्रमाणपत्रावर छापलेलंच होतं : "सर्व बोर्ड सुस्थितीत असून सर्व विद्यार्थ्यांस स्पष्ट दिसतात." तिघांनी सह्या केल्या. मग कागद माझ्यापुढे आला. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. बायको बाळंतपणाला अकलूजला गेली होती. मी सही केली. वाचलंही नाही असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. मी वाचलं होतं.

मॅडमनी कागद घेतला, घडी केली आणि म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या."

आठ दिवस त्या चोवीस वर्गांत मागं बसत होत्या. नवव्या दिवशी सचिवसाहेबांनी आम्हा पाचही जणांना बोलावलं. साहेब बोलायला गोड. त्यांनी आधी चहा दिला.

"येमूलबाई, चौघांनी सह्या केल्यात. शहाणी माणसं आहेत सगळी."

"आहेत की."

"मग तुमचं कुठं अडलं?"

"कागदावर लिहिलंय, सर्व विद्यार्थ्यांना दिसतं. आपले हे वर्ग लांबट आहेत साहेब, तेरा रांगांचे. सातव्या रांगेच्या मागं आकडे कळत नाहीत."

साहेब हसले. "तुमच्या चष्म्याची भिंगंच एवढी जाड!"

एकजण हसला. मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. पर्समधून कागदांचा गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "म्हणून मी एकटीनं बघितलं नाही. दर वर्गात मागच्या रांगेतली चार-चार पोरं बसवली. बोर्डावर मी लिहिलं ते एका बाजूला, पोरांनी वाचलं ते दुसऱ्या बाजूला. बघा. आठाचे तीन झालेत, तिनाचे आठ."

कुणी गठ्ठ्याला हात लावला नाही.

"बोर्ड वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "लहान खोलीत झकास चालतील. आपल्याकडे लहान वर्ग सहा आहेत. सहा ठेवून घ्या, बाकीचे परत करा. त्यात अभ्यासिका होईल आणि वर पैसे उरतील."

"परत करायला तो काय किराणा आहे?"

"किराणा असता तर मी घरी आणतानाच निवडून घेतला असता."

आता साहेबांचा गोडवा सरला. "बाई, पाचवी सही नियमाप्रमाणे लागते. ती तुम्ही करायची आहे."

"नियमाप्रमाणेच करते की. तुम्ही या साहेब, कुठल्याही एका वर्गात माझ्याशेजारी मागं बसा. तुम्हाला दिसलं तर तिथल्या तिथं सही करते."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही या आता."

"सही वद्दु," मॅडम उठता उठता म्हणाल्या, जणू कुणी ऐकलं नसेल तर.

पुढच्या सोमवारी त्यांची बदली झाली. पद तेच, पगार तोच, जागा मात्र आवाराच्या टोकाला, जनरेटरच्या खोलीमागं असलेलं पत्र्याचं गोदाम. मोडक्या, टाकाऊ वस्तू तिथं असत. कचेरीच्या भाषेत डेड स्टॉक. सोबतीला एकच शिपाई, बसप्पा. अक्कलकोटकडचा, निवृत्तीला टेकलेला, निम्मं कानडीत बोलणारा. आणि त्यानंतर महिन्याभरात संस्थेनं नियम दुरुस्त केला. तपासणी समितीच्या पाचऐवजी चार सह्या पुरतील, असा ठराव झाला.

हे त्यांना सांगायला मीच गेलो. खरं म्हणजे माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून ठरावाचीच बातमी निघाली. पत्रा तापला होता. मॅडम मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात बसून वहीत लिहीत होत्या. ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझी एक सही टाळायला नियम बदलला?"

"हो."

"अय्यो, बसप्पा, ऐकलं का? एवढी भारी सही आहे माझी! मला आजपर्यंत माहीतच नव्हतं."

"मॅडम, मी सही करायला नको होती," मी म्हणालो.

त्यांनी मला लगेच मोकळं केलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. "नको होती," त्या म्हणाल्या. "तुमची अडचण मला कळते माने. पण नको होती." मग शेजारच्या एका धूळ खाल्लेल्या संगणकावर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला मल्टिमीटर धरता येतो ना? मग शनिवारी या."

त्यांना तिथं कोपऱ्यात टाकलं होतं ते गप्प बसण्यासाठी. त्यांनी आधी गोदामाचे नियम वाचून काढले. ते पुस्तक गेल्या पंधरा-वीस वर्षांत कुणी उघडलं नसावं. त्यात एक कलम होतं. टाकाऊ साठ्यातली दुरुस्त झालेली वस्तू कुठल्याही विभागानं लेखी मागितली तर ती द्यावी, आणि ती वस्तू परत आणायची वा हलवायची असेल तर गोदामप्रमुखाची सही लागावी. मॅडमनी ते कलम मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. पोटभर जेवलेल्या माणसासारखं काहीतरी.

मग आमचे शनिवार सुरू झाले. तीन बंद संगणकांतून एक चालू होई. मी भाग तपासायचो, मॅडम त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहायच्या, "बरा", "वाया", "बघू". बसप्पा टेबलांचे पाय ठोकायचा. एका टेबलाचे चारही पाय वेगवेगळ्या टेबलांचे होते. तो म्हणाला, "अक्का, हे टेबल नव्हं, ही सगळ्या विभागांची बैठक हाय." मॅडमनी त्याला त्या दिवशी शेंगाचटणीची पुडी बक्षीस दिली.

सहा महिन्यांत अकरा संगणक, चौदा टेबलं आणि चाळीसेक खुर्च्या उभ्या राहिल्या. जुन्या इमारतीच्या ग्रंथपाल बाईंनी रीतसर पत्र लिहून त्या वस्तू मागितल्या. मॅडमनी रीतसर दिल्या. अंदाजपत्रकातून उडालेली अभ्यासिका अशी टाकाऊ सामानातून सुरू झाली. सकाळी सात वाजता दार उघडायचं. पहिल्या आठवड्यात नऊ मुली आल्या. दिवाळीनंतर उभं राहायला जागा उरेना. मॅडम रोज घरून निघून आधी तिथं जायच्या, मग शहर बसनं आवारात.

दीड वर्ष हे चाललं. डिजिटल बोर्डांपैकी काही तोवर बंद पडले होते, काहींवर मास्तर लोक सूचना चिकटवत होते. त्याबद्दल मॅडम एक अक्षर बोलल्या नाहीत. मी विषय काढला तर म्हणायच्या, "ते झालं. पुढचं बोला."

मग एके दिवशी आदेश निघाला. जुन्या इमारतीतली ती खोली एका खाजगी शिकवणीवाल्याला भाड्यानं द्यायची, सोमवारपर्यंत रिकामी करायची. ग्रंथपाल बाईंनी रडत मला फोन केला. मी मॅडमना केला.

"आदेशात काय लिहिलंय? शब्द न शब्द सांगा."

मी फोटो मागवून वाचून दाखवला.

"खोली रिकामी करावी. एवढंच? वस्तूंचं काही नाही?"

"नाही."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोमवारी तास घ्या तुमचा. इकडं यायचं काही कारण नाही."

मी सोमवारी रजा टाकून गेलो.

सकाळचे दहा. अभ्यासिकेच्या दारात खुर्ची टाकून मॅडम बसल्या होत्या, मांडीवर गोदामाची जाड नोंदवही. आत पन्नासभर मुली. परीक्षा जवळ होती. बाहेर टेम्पो उभा होता, चार हमाल आणि मालमत्ता अधिकारी काळे. काळ्यांना घाम फुटला होता.

"मॅडम, आदेश आहे हो."

"वाचला मी. खोली न्यायची आहे. न्या की खोली."

"म्हणजे?"

"खोली तुमची. आतली टेबलं, खुर्च्या, संगणक माझे. ही वही. ती हलवायला माझी सही लागते, आणि मी ती देत नाही. आता खुर्च्या तशाच ठेवून खोली नेता आली तर बघा."

"आणि मुली?"

"मुली खुर्च्यांवर बसल्यात. खुर्च्या माझ्या."

हमालांतला एकजण हसू दाबत मागं वळला. टेम्पोवाला खाली उतरला. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेला. त्यानं खिडकीतून आत बघितलं आणि परत आला.

"काळे साहेब, मेरेकू तो बोले थे की भंगार उठाना है," तो म्हणाला. "ये तो बच्चियां पढ रै. उसमें मेरी भांजी बी बैठी दिसरी. मैं नै उठाता." आणि तो टेम्पोची किल्ली खिशात घालून चहाच्या टपरीकडे चालायला लागला. हमाल त्याच्या मागून.

काळ्यांनी फोन लावला. अर्ध्या तासानं सचिवसाहेबांची गाडी गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, गाडी निम्म्यातच अडली. साहेब पुढचं अंतर चालत आले. दोन्हीकडं माग खडखडत होते. उंबऱ्यांवर विड्या वळणाऱ्या बायका सुपं मांडीवर घेऊन बघत होत्या. मला वाटतं, साहेब त्या गल्लीतून पायी पहिल्यांदाच चालले असावेत.

मॅडम उभ्या राहिल्या. खुर्ची बाजूला केली नाही.

"येमूलबाई, नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुमची. निलंबन झालं तर काय होतं ठाऊक आहे ना?"

"पेन्शनचे कागद मीच करत होते साहेब सगळ्यांचे. मला ठाऊक नसून कुणाला असणार?"

"मग हा हट्ट कशासाठी?"

मॅडमचा आवाज त्या वेळी पहिल्यांदा हलला. रागानं की कशानं, मला कळलं नाही. "मी याच गल्लीत वाढले. मला अभ्यासाला जागा नव्हती, तर मी देवळाच्या पायरीवर बसायचे, तिथून उठवायचे. मग दवाखान्याच्या बाकावर बसायचे, तिथून उठवायचे. दहावीच्या वर्षी मला किती जणांनी ऊठ म्हटलं त्याला हिशेब नाही. तेव्हा मी उठले. आता नाही उठणार. आणि यांनाही उठवू देणार नाही. निलंबन करा. पण कागदावर कारण लिहा, की या बाईनं मुलींना अभ्यासाला बसू दिलं. तसं लिहून सही करा, मी आत्ता निघते."

गल्लीतले माग चालूच होते. आतून एक मुलगी उठून दारापाशी आली, दुसरी आली, मग दहा-बारा. कुणी घोषणा दिल्या नाहीत. त्या नुसत्या मॅडमच्या मागं उभ्या राहिल्या. समोरच्या उंबऱ्यावरची एक म्हातारी तेलुगूत मोठ्यानं काहीतरी म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. साहेबांनी काळ्यांना विचारलं, "काय म्हणाली?" काळे म्हणाले, "मला तेलुगू येत नाही साहेब." त्यांना चांगलं येत होतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बघू," म्हणाले, आणि वळले.

ते 'बघू' नंतर कुणी बघितलं नाही. शिकवणीवाल्यानं दुसरीकडं जागा घेतली. खोली राहिली, अजून आहे. निलंबन झालं नाही, कारण कागदावर तसं लिहायला कुणी तयार नव्हतं. पण मॅडमना सोडलंही नाही. कारणे दाखवा नोटीस आली, दोन वेतनवाढी रोखल्या. त्यांनी वरपर्यंत दाद मागितली, त्याचा निकाल त्या निवृत्त होईपर्यंत लागला नाही. निवृत्तीच्या दिवशी विद्यापीठानं समारंभ ठेवला नाही. बसप्पा आधीच निवृत्त होऊन गावी गेला होता. तो त्या दिवशी अक्कलकोटहून मुद्दाम आला. त्यानं गोदामाला कुलूप लावलं, मॅडमनी किल्ली काळ्यांच्या हातात देऊन पोच घेतली, आणि दोघं चालत बस थांब्यावर गेले. मी सोबत होतो. डोळ्यांत पाणी वगैरे माझ्याच आलं. त्या बसचा नंबर बघत होत्या.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं भेट नव्हती. परवाच्या उन्हाळ्यात एका सरकारी कचेरीत गेलो होतो, घराच्या उताऱ्याच्या कामाला. दुपारचा एक वाजून गेलेला. बाकावर बसलो आणि पलीकडच्या टेबलापाशी ओळखीचा आवाज आला.

"आमच्या गल्लीतल्या शाळेच्या दोन खोल्यांत तुमच्या कचेरीची जुनी कपाटं आहेत. पोरं व्हरांड्यात बसतात. तीन अर्ज दिलेत. फाईल ती समोर दिसतेय, खालून दुसरी."

केस सगळे पांढरे झाले होते. साडी तशीच सुती.

"बाई, जेवणाची सुट्टी झाली," कारकून म्हणाला. "दोननंतर या."

"होय का? मग जेवा की." मॅडमनी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. पिशवीतून डबा काढला, त्याच्या टेबलावर उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. "मीही जेवते. दोघांचं झालं की बोलू."

"अहो, इथं बाहेरच्यांना..."

"घ्या. चटणी घरची आहे."

कारकून त्यांच्याकडे बघत राहिला. तरुण होता, चेहऱ्यावरून तरी वाईट वाटत नव्हता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग खणातून आपला डबा काढला. दोघं जेवायला लागले. मी हाक मारणार होतो, पण उठलो नाही. त्यानं चटणी मागून घेतली. मॅडमनी आणखी वाढली. मग उजव्या हातानं घास घेत, डाव्या हातानं त्यानं गठ्ठ्यातली खालून दुसरी फाईल ओढून काढली आणि जेवता जेवता उघडली.